दोरीवरची केशरी साडी
डांबरगोळ्यांच्या वासाची केशरी साडी हातात आली आणि ती दुपार आठवली. नवरा पोलिसांच्या हेलिकॉप्टरचा मेकॅनिक. दुरुस्ती झाली की चाचणीला स्वतःही बसायचा. “वरून आपल्या टाकानिनी उपनगरातली सगळी छपरं सारखीच करडी दिसतात, आपलं घर सापडतच नाही,” म्हणाला, म्हणून मी ही साडी अंगणातल्या दोरीवर टाकली. हेलिकॉप्टर आलं, घरावर घिरटी घालून गेलं. शेजारीण पायातल्या रबरी जँडल्स फटफटवत धावत आली, “चोर शिरलाय का?” लेक हसली, “नो, दॅट्स जस्ट बाबा!” पुढे सगळ्या सरकारी खात्यांची हेलिकॉप्टरं एकाच राष्ट्रीय सेवेत गेली आणि नवऱ्याची बदली दूर, देशाच्या दक्षिण बेटावर झाली; आम्ही मायलेकी इथेच राहिलो. आज वर घरघर झाली तेव्हा शेजारणीनेच कुंपणापलीकडून विचारलं, “साडी नाही टाकलीस?” म्हणून तर कपाट उघडलं.