बायकांना आत सोडत नाहीत

वर्ध्यात आमचं भाजीपाल्याच्या बियाण्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की माझा नवरा मोबाइलवर अफगाणिस्तानचे डोंगर बघत बसायचा. लेकीचं लग्न झाल्यावर म्हणाला, जाऊनच येऊ. भीती होती, पण हौसही होती. रोहणा गावच्या शेतात वांगी तोडत वाढलेली मी, नाही कशाला म्हणू?

निघण्याआधी त्यानं मला सगळी माहिती दिली. तिथं आपलं कार्ड चालत नाही, रोख न्यावी लागते. नाक्यावरच्या बंदूकवाल्यांचे फोटो काढायचे नाहीत. नव्या प्रांतात गेलं की आधी परवाना घ्यायचा. बाईनं डोकं झाकायचं, नवऱ्याला सोडून लांब जायचं नाही. मी दोन पायघोळ झगे शिवून घेतले.

काबूलहून डोंगरात निघालो तेव्हा ड्रायव्हरसोबत त्याची बहीणही आली. "तुले सोबत होईन," नवरा म्हणाला. मला बरं वाटलं. ती माझ्याच वयाची. आईच्या उपचारासाठी दिल्लीत राहिलेली, त्यामुळे हिंदी छान बोलायची. मुलींच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवायची. तालिबाननं मुलींच्या शाळा बंद केल्या तेव्हापासून घरीच.

डोंगरातल्या निळ्या तळ्यांपाशी फाटकावर गाडी थांबली. पहारेकरी नवऱ्याशी आणि ड्रायव्हरशी बोलला. माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही. नवरा खाली उतरला.

"तू बस. मी येतो पाहून."

"काऊन? मले नाई यायचं?"

"बायकांले आत सोडत नाई."

आणि तो चालायला लागला. ड्रायव्हर गाडीबाहेर उभा राहिला. मागच्या सीटवर आम्ही दोघी.

"आपको बताया नहीं था?" बहिणीनं विचारलं. "साहब ने तो फोन पर ही कहा था, मेरी बीवी बाहर बैठेगी, किसी औरत को साथ लाना."

माझं अंग तापलं. म्हणजे ही सोबत नव्हती, ही सोय होती. वर्ध्यातूनच करून ठेवलेली.

ती समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, "हम हर साल आते थे. मेरी लड़कियाँ नाव में बैठती थीं. हमसे तो किसी ने पूछा नहीं. आपसे तो पूछ सकते थे." तिनं पिशवीतून सुकी तुती काढून माझ्या ओंजळीत घातली.

नवरा परत आला तो खुशीत. "पाह्य, पाणी कसं आहे!" त्यानं फोन पुढे केला. मी तो हातानं बाजूला सारला.

"तुम्हाले मालूम होतं."

"सांगतलं असतं तं तू आली असती काय?"

"नसती आली."

"मंग! बाई सोबत असली का नाक्यावर जास्त विचारत नाई. एकट्याले लई त्रास देते म्हणे."

म्हणजे मी बायको नव्हते, परवाना होते.

वर्ध्याला आल्यावर व्यापारी मंडळींनी त्याचं व्याख्यान ठेवलं. कार्ड, परवाना, नाके, सगळं त्यानं झकास सांगितलं. शेवटी एका बाईनं विचारलं, "बायकांले जमते का तिथं?"

"जमते नं! आमची ही आलतीच की."

मी उभी राहिले. फाटकापाशी काय झालं ते सांगितलं, आणि मला काय सांगितलं नव्हतं तेही. पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, "वहिनी, घरचं घरी बोलावं."

"हे घरचं नाई, भाऊ. ही पयली माहिती आहे. हीच यायनं गाळली."

घरी येताच नवरा भडकला. "चार लोकांत माही इज्जत घालवली." मी म्हटलं, "माही तं तुम्ही परदेशात घालवली." त्यानं अजून माफी मागितलेली नाही. पण आता तिकडे जायचं म्हणून कोणी दुकानात विचारायला आलं, तर तो माझ्याकडे बोट दाखवून गोदामात निघून जातो.

मी सांगते. माणसं जीव लावतात तिथली, जा. पण बायकोला आधी सगळं सांगा, मग तिला ठरवू द्या. हे सांगताना आवाज अजूनही चढतोच. निदान मला चिडायला वर्धा आहे, भरल्या हॉलमध्ये उभं राहता येतं. त्या गणिताच्या बाईंनी कुठं उभं राहायचं?