हात न धरता खेळलेला डाव

अमरावतीहून गाड्या बदलत कोल्हापुरात उतरलो तेव्हा अंग आंबून गेले होते. खानावळीत तांबडा रस्सा वऱ्हाडी ऐटीत भुरकला आणि ठसका लागला. "पावणं, वर पांढरा घ्या की!" वाढपी हसला. मी मुकाट्याने घेतला.

कोल्हापूरला येऊन तालीम पाहिली नाही, तर लोक तोंडात शेण घालतील, म्हणून सकाळीच निघालो. हौद्यात (कुस्तीच्या तांबड्या मातीत) एक सडपातळ गोवेकर एकटाच पाय फिरवत होता. हा पास्कू. पूर्वी बोटीवर खलाशी होता, आता इथे पावाची भट्टी चालवतो. ब्राझीलच्या बाहिया बंदरात तिथल्या काळ्या हमालांकडून तो 'कापोएरा' शिकला. वाद्याच्या तालावर लाथा फिरवायच्या, समोरच्याने त्या चुकवायच्या, धरपकड नाही. मला तो आधी नाचच वाटला.

"ह्यो खेळ दत्तोबासाठी हाय," वस्ताद (तालमीचे गुरू) कानाशी म्हणाले. दत्तोबा भिंतीला टेकून बसला होता. कुस्तीत उजवा हात मोडल्यापासून दोन वर्षे तो इकडे फिरकला नव्हता. झोप उडाली, माणसे नकोशी झाली. पास्कूने महिनाभर त्याच्या परसात जाऊन त्याला शिकवले होते. आज तो सगळ्यांसमोर मातीत उतरतो की उठून घरी जातो, हाच प्रश्न होता.

हलगी कडाडली. दत्तोबा हलेना.

"पयलो ताल आयक, मागीर पांय," (आधी ताल ऐक, मग पाय) पास्कू म्हणाला.

दत्तोबा उठला, कपाळाला माती लावून उतरला. अधू हात छातीशी, पण पाय काय सुरेख चालले! सगळे टाळ्यांनी ताल धरू लागले, मीही. "पर जिकतंय कोण?" एका पैलवानाने विचारले.

तेवढ्यात वस्ताद गरजले, "आरं बैला, पाय उचल की! हजामत करायला आलास व्हय हितं?"

मला भयंकर राग आला. अशा माणसावर ओरडायचे? दत्तोबाचे डोळे भरून आले होते. पुढे थंडाई पिताना मी त्याला विचारले, "वाईट वाटले का हो?"

"वाईट कशाचं, पावणं? हात मोडल्यापासनं वस्ताद घरी आलं की मला 'अहो' म्हणत हुतं."

त्या तालमीचा मला फार हेवा वाटला. घरी परतलो आणि धाकट्या भावाकडे गेलो. त्याला लकवा झाल्यापासून मी त्याच्याशी जपून, हळू आवाजात बोलत असे. त्या दिवशी त्याने पत्त्यांत लबाडी केली, तेव्हा मी त्याच्याशी तासभर कडाकडा भांडलो.