डिशवरची लाल रेघ

डीटीएच कंपनीच्या विभागीय साहेबानं माझ्या फिटरला फसवलं. माझ्या तोंडून फसवलं, म्हणून चीड जास्त.

फिटर निपाणीकडचा. माझ्या हेब्बाळच्या दुकानात बारा वर्षं होता. चित्र अडकलं अशी तक्रार आली, की गिऱ्हाईक बाईपुढे उपग्रहाची बाजू घ्यायचा. "वरचा हलत न्हाई, अक्का. हलतो तो आपला खांब." जणू छत्तीस हजार किलोमीटर वर याचा सख्खा भाऊच नोकरीला.

डिश नेमकी लागली की बोल्ट आणि पट्टी यांवरून लाल रंगाची एक रेघ ओढायचा. रेघ तुटली, म्हणजे डिश हलली; तरच तिला हात लावायचा. मी ओरडायचो, "अण्णा, सिग्नलचा मीटर लावा, वेळ वाचेल."

"स्वल्प थांबा मालक. रेघ खोटं बोलत न्हाई."

घासाघीस करून मी दुकान उभं केलं. या माणसापुढे मात्र एकदाही जिंकलो नाही.

एका सकाळी सगळ्या गल्ल्यांतून फोन आले, सिग्नल नाही. मी साहेबाला विचारलं, "उपग्रह बदललात का?"

"काही बदललेलं नाही. तुमच्या डिश तपासा."

तीनदा विचारलं, तीनदा तेच. मी तेच अण्णाला सांगितलं.

तो गच्च्या चढत राहिला. सगळीकडे रेघ अखंड, म्हणून डिश न हलवता वायरी बदलत राहिला. खाली बायका म्हणत, "अण्णा, वय झालं तुमचं." संध्याकाळी त्यानं मला विचारलं, "मालक, मलाच दिसंना झालंय का?"

मी म्हटलं, "साहेब खोटं कशाला बोलेल?"

चौथ्या दिवशी एका टाकीवर चढून रेघ जवळून बघायला वाकला, आणि तीन मजले खाली पडला. दवाखान्यात नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तेरावा झाल्यावर कंपनीचं पत्र आलं. चॅनेल दुसऱ्या उपग्रहावर नेली आहेत, डिश वळवा. पत्रावरची तारीख तो पडला त्याच्या आठवडाभर आधीची. मी साहेबाच्या टेबलावर ते आपटलं.

तो शांतपणे म्हणाला, "पाठवायचं राहून गेलं. तेव्हा कबूल केलं असतं, तर माझ्यावर आलं असतं."

अण्णाच्या बायकोला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही चांगले म्हणून असं बोलता. त्यांना दिसत नव्हतं, लोक सांगत होते." माझ्यावर तिचा विश्वास नाही, आणि तो का असावा?

साहेबानं निपाणीला जावं. तिच्यासमोर बसून स्वतःच्या तोंडानं सांगावं, तुमच्या नवऱ्याची प्रत्येक डिश बरोबर होती. मी ऑफिसात जातो तेव्हा तो मीटिंगमध्ये असतो. म्हणून इथं लिहून, तुम्हा सगळ्यांसमोर विचारतो: कधी निघताय, साहेब?