सगुणाबाईचा खुलासा

मिरकरवाड्यात कुणालाही विचारा, सगुणा भाटकर तोंडाची फटकळ आहे हेच आधी सांगतील. ते खोटं नाही. पण मासळीच्या कंपनीत कोळंबी सोलायला जाणाऱ्या ह्या बाईचा बावीस वर्षांत विनाकारण एक खाडा नाही, हे सांगायचं मात्र लोक विसरतात. शिक्षण सातवी. नवरा भिवा पूर्वी बोटीवर खलाशी होता. गुडघे गेल्यापासून घरीच जाळी विणतो. मुलगी दिशा कॉलेजला.

गोष्ट घडली ऑक्टोबरात, सकाळी अकराच्या सुमाराला. सोलणीच्या शेडमध्ये अडतीस बायका टेबलांवर वाकलेल्या होत्या. आधी कुणाच्या तरी डोळ्यांतून पाणी आलं, मग सगळ्यांच्याच. बर्फाच्या मशीनचा गॅस कुठूनतरी सुटला होता. शेजारच्या सखूला दम्याचा त्रास. ती खोकता खोकता खाली बसली.

सुपरवायझर दीपेश दारातून ओरडला, "पाइपाचं काम चालू आहे. दहा मिनिटांत वास जाईल. जागा कुणी सोडायची नाही, माल वितळेल!"

सगुणा हातातली कोळंबी टाकून उभी राहिली. "माल वितळला तर वरनं बर्फ घालता येईल. सखू वितळली तर तिच्यावर काय घालू?"

"मी सांगतोय तेवढं ऐका."

"ऐकला. आता चाललो आम्ही."

मग ती बायकांकडे वळली. ओढण्या, पदर, फडकी, जे असेल ते भिजवून नाकाला लावा म्हणाली. दाराजवळच्या टेबलाने आधी निघायचं, धावायचं नाही. सखूला दोघींनी धरलं. सगुणा दारात उभी राहून एकेक डोकं मोजत होती. स्वतःला धरून सदतीस भरल्या. एक पोरगी बाथरूमला गेली होती. सगुणा परत आत शिरली आणि तिला दंडाला धरून घेऊन आली. बाहेर आल्यावर बायका गेटजवळ थांबायला लागल्या, तर हिने वारा बघितला आणि सगळ्यांना उलट्या बाजूला, धक्क्याकडे नेलं. गॅस वाऱ्याबरोबर गेटाकडेच चालला होता.

तासाभरात गॅस बंद झाला. सखूला आणि आणखी एकीला दिवसभर इस्पितळात ठेवावं लागलं. कोळंबी मात्र बरीच फुकट गेली.

पाचव्या दिवशी, कामावरून थांबवलेल्या सगुणाच्या घरी कंपनीचा माणूस पत्र घेऊन आला. दोन पानं, सगळं इंग्रजी. सोबत एक टाईप केलेला माफीनामा, तोही इंग्रजी. माणूस म्हणाला, "ह्याच्यावर सही करा आणि सोमवारपासून या. विषय संपला."

भिवा म्हणाला, "कर गो सही. कशाला वाढवतेस?"

"कशावर करतंय ते तरी कळू दे."

दिशा आल्यावर तिने वाचायला घेतलं. वाचता वाचता अडखळली. "आये, तीन आरोप आहेत. इनडिसिप्लिन, विलफुल डिसओबीडियन्स आणि इनसबॉर्डिनेशन."

"सगळ्याचा अर्थ एकच ना? मग तीनदा कशाला लिवलान?"

"एकच असणार. बेशिस्त, दुसरं काय!"

"असणार नको. बघून सांग."

दिशाने कॉलेजच्या ग्रंथालयातून जाडा शब्दकोश आणला. मायलेकी चुलीशेजारी पाट मांडून बसल्या. सगुणा एकेका शब्दाला अडवत होती. डिसओबीडियन्स म्हणजे सांगितलेलं न ऐकणं. विलफुल म्हणजे जाणूनबुजून. इनसबॉर्डिनेशन म्हणजे वरच्याचा अधिकारच न मानणं. इनडिसिप्लिन म्हणजे शिस्त मोडणं, गोंधळ घालणं.

"आपल्याकडे ह्याला शब्द काय थोडे हायत?" सगुणा म्हणाली. "उर्मट, आगाव, शेफारलेली, बेलगाम. सासूने सगळे माझ्यावर वापरले. पण ती तोंडावर बोलायची. ह्यांच्यासारखी कागदाआड लपत नव्हती."

पत्राच्या शेवटी कंपनीच्या नियमाचा आकडा होता. दिशाने तो नियमही शोधून काढला. हुकूम न ऐकणं हा गुन्हा खरा, पण तो हुकूम कायदेशीर आणि रास्त असेल तरच. सगुणाने ते वाक्य दिशाकडून चार वेळा वाचून घेतलं. माफीनामा घडी करून पत्र्याच्या डब्याखाली सारला आणि चौकशी मागितली.

चौकशीला कंपनीने बाहेरचे एक वकील बसवले होते. बाजूला मॅनेजर, समोर दीपेश. सगुणा इस्त्रीचं लुगडं नेसून गेली होती. बसल्यावर दोन्ही हात टेबलावर सरळ ठेवले.

वकील म्हणाले, "बाई, आरोप मान्य आहेत?"

"एक मान्य हाय. विलफुल डिसओबीडियन्स."

मॅनेजरने मान वर केली.

"ऐकला नाय, आणि जाणूनबुजून ऐकला नाय. उद्या गॅस सुटला तर उद्याही ऐकायची नाय. पण इनडिसिप्लिन खोडा. अडतीस बायका मी रांगेत बाहेर काढल्या, मोजून. एक पडली नाय, एक मागं राहिली नाय. ह्याला बेशिस्त म्हणतात काय?"

वकिलांनी चष्मा काढला. "आणि इनसबॉर्डिनेशन?"

"त्याला वरिष्ठ समोर असायला लागतो ना, साहेब? ह्यांनाच विचारा, हुकूम सोडल्यावर हे कुठे होते."

दीपेशचे कान लाल झाले. "मी... फोनला रेंज नव्हती, म्हणून बाहेर गेलो होतो."

"कुठपर्यंत?" वकिलांनी विचारलं.

"रस्त्यापर्यंत."

वकिलांनी ते लिहून घेतलं. मग सगुणा म्हणाली, "नियमात रास्त हुकूम लिवलाय. गॅसात बसा हा हुकूम रास्त होता, असा तुम्ही सही करून द्या. मी लगेच माफी मागतंय."

ती सही कुणी केली नाही. दोन आरोप वगळले गेले. तिने मान्य केलेल्या आरोपाबद्दल ताकीद मिळाली. ताकिदीचं पत्र मिळाल्याची सही करायला सांगितली, तेव्हा सगुणाने सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "अर्थ समजला. माफी नाही." मॅनेजर चिडून म्हणाला, "असं लिहायची पद्धत नसते." ती म्हणाली, "मग नवा आरोप लिवा. शब्दकोश घरीच हाय."

ती कामावर परतली, पण जुन्या टेबलावर नाही. तिला पॅकिंगला टाकलं. तिथे गारठा जास्त, संध्याकाळी बोटं वळत नाहीत. मुद्दाम केलंय हे तिला कळतं आणि ते ती दर आठवड्याला मॅनेजरच्या तोंडावर सांगते. शेडमध्ये आता धोक्याचा भोंगा बसलाय आणि मागच्या भिंतीला दुसरं दार पाडलंय. हे कुणामुळे झालं, त्याची कागदावर कुठेच नोंद नाही.

ह्या पावसाळ्यात सुट्टीच्या वेळा बदलल्याची नोटीस लागली. इंग्रजीत. बायका हातमोजे न घालता फलकासमोर उभ्या राहिल्या. सगुणाने तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. सखूच पुढे झाली आणि म्हणाली, "वाचता येईल असा लावा, मग कामाला लागू."

अर्ध्या तासात मराठी नोटीस आली. शुद्धलेखन भयंकर होतं. बायकांनी ती शेवटपर्यंत वाचली, दोन वेळांना हरकत घेतली आणि मगच आत गेल्या.