अंगठ्यांचं गाव

निजामाच्या अमलात मी बीडच्या कचेरीबाहेर बसून उर्दूत अर्ज लिहून द्यायचो. नेकनूरकडचा एक म्हातारा दर बाजाराच्या दिवशी यायचा. धोतराला हात पुसल्याशिवाय तो कागदाला शिवत नसे.

कायदेमंडळासाठी मतदारांचे हलके, म्हणजे मतदारसंघ, पडणार होते, आणि हद्दीची रेघ नेमकी त्याच्या गावातल्या ओढ्यावरून जाणार होती. अर्धं गाव एका हलक्यात, अर्धं दुसऱ्यात. मग त्यांचं ऐकणार कोण? रेघ गावाबाहेरून न्या, एवढीच त्याची मागणी.

मी अर्ज लिहिला. त्यानं त्यावर गावकऱ्यांचे अंगठे उठवून आणले, ते पाहून मी भडकलोच. ज्याचं घर जिथं, तिथं त्याचा अंगठा! मधून ओढ्यापुरती जागा मोकळी.

"काका, ओळीत काहून न्हाई घेतले?"

"मुन्शीजी, रेघ मारणाऱ्याला गाव कुठं दिसतंय? म्हून गावच आणलंय."

ओढ्याकाठी एका घराची जागा कोरी होती.

"ते माजं. रेघ हालली की लावीन अंगठा."

अंगठे ओळीत नाहीत म्हणून अर्ज परत आला. म्हातारा मात्र पुन्हा आला नाही.

कागद अजून माझ्या पेटीत आहे. त्या गावाला एकदा जायचंय. म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पण घर कुणाला विचारावं लागणार नाही.