शेजारणीच्या नवऱ्याचा उपास

इंग्लंडमध्ये रीडिंग गावात आमच्या भिंतीला भिंत लागून एक इराणी बाई राहायची. ती कोणालाच घरात घेत नसे. गॅसचं मीटर बघायला आलेल्या माणसाचं ओळखपत्रसुद्धा खिडकीच्या काचेतून तपासायची. तिचा नवरा तेहरानच्या तुरुंगात होता. पत्रकार, वर धर्माचा गाढा अभ्यासक. धर्माच्या नावाने राज्य करणाऱ्यांना धर्मच शिकवायला गेला आणि आत बसला. माझ्या नवऱ्याने मला बजावून ठेवलं होतं, "तिच्या भानगडीत पडू नकोस, आपण व्हिसावर आहोत." म्हणजे संशयी काही ती एकटीच नव्हती.

एकदा कचऱ्याचे बिन बाहेर काढताना ती म्हणाली, नवऱ्याने तुरुंगात उपास धरलाय. मी लगेच डबाभर साबुदाण्याची खिचडी नेऊन दिली. आमच्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी! तिने डब्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यात काही कालवलंय.

"तो काहीच खात नाहीये. तुरुंगातून सोडेपर्यंत खाणार नाही," ती म्हणाली. माझं तोंड एवढंसं झालं.

पुढच्या आठवड्यात ती आपणहून आली. "तुझा फोन वापरू? माझ्या लाइनवर कोणीतरी ऐकतं." तिची सासू तुरुंगात त्याला भेटून आली होती. शेजारणीने नंबर लावून फोन स्पीकरवर टाकला. "तूपण ऐक. त्यांच्या शेजारी कोणी बसलंय असं वाटलं तर सांग."

सासूबाई खणखणीत बोलत होत्या. मला फारसी येत नाही, पण नान, पनीर, सब्जी, कबाब कळायला फारसी कशाला लागते?

"जेवायला लागला! सगळं खातोय!" शेजारीण हसली.

मला मात्र ते ताट खरं वाटेना. दर रविवारी नागपूरहून आई विचारायची, काय जेवलीस? नवरा रविवारीही कामावर, परक्या देशात एकटीला घास गिळवत नसे. टोस्टवर भागवलेल्या दिवशी मी वरण, भात, भरली वांगी, कोशिंबीर असं साग्रसंगीत सांगायचे. खरंच जेवलेला माणूस 'जेवलो' म्हणतो आणि मोकळा होतो.

तेवढ्यात सासूबाईंनी तिलाही काहीतरी विचारलं, बहुधा 'तू काय जेवलीस?', आणि शेजारीण सांगू लागली: नान, पनीर, सब्जी, कबाब. त्या आठवडाभर भिंतीपलीकडे भांडं वाजलेलं मी ऐकलं नव्हतं.

फोन ठेवला तेव्हा तिचं हसू गेलं होतं.

"त्यापण खोटंच बोलल्या ना?"

मी "नाही" म्हणाले. तिने माझ्यावरही विश्वास ठेवला नाही.