अजून दोन डेरिव्हेटिव्ह

आमच्या डिपार्टमेंटात मी रागीट म्हणून प्रसिद्ध आहे. चप्पल घालून लॅबमध्ये आलेल्या पोराला मी अख्खा कॉरिडॉर ऐकेल अशा आवाजात हाकललेलं आहे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत वाढलो. तिथं हळू बोलणाऱ्याला लोक आजारी समजतात. त्या रागाचं मला कधी काही वाटलं नाही. आला राग, बोललो, मग चहा पाजला, संपला विषय. मनाला खातं ते दुसरंच, आणि ते मी अगदी हसतमुखानं, हळू आवाजात केलं.

आधी आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. डेरिव्हेटिव्ह म्हणजे एकाच रेणूची भावंडं. सांगाडा तोच ठेवायचा, कुणाला क्लोरीन चिकटवायचा, कुणाला मिथाइल. अशी दहा-बारा भावंडं तयार झाली, त्यांचे मेल्टिंग पॉइंट आणि स्पेक्ट्रा जमले, की पीएचडीचं एक प्रकरण झालं. यात गाइडची मोठी सोय आहे. कितीही केली तरी दोन कमीच वाटतात. ‘अजून दोन करून बघ’ म्हटलं की विद्यार्थ्याला नाही म्हणता येत नाही, कमिटीला बोट दाखवता येत नाही, आणि म्हणणारा वर काटेकोर म्हणून मिरवतो. हे वाक्य मी नोकरीभर वापरलं. बहुतेक वेळा खरंच गरज होती म्हणून.

बायकोच्या किडन्या गेल्या तेव्हा मंगळवार-शुक्रवार डायलिसिस सुरू झालं. आम्हाला मूलबाळ नाही. नात्यातले लोक पहिले काही दिवस आले, मग फोनवर आले, मग दिवाळीला आले. मी जुनी गाडी घेतली. शिकायला गेलो तर दुसऱ्याच दिवशी दसरा चौकात सिग्नलला बंद पडली, मागच्यांनी हॉर्न वाजवले, आणि मी खाली उतरून चार जणांशी भांडलो. त्यानंतर किल्ली खुंटीला.

तेव्हा माझ्याकडे एक विद्यार्थी होता. गडहिंग्लजचा, वडिलांचं टेलरिंगचं दुकान. चुलत्याचा टेम्पो चालवून हात बसलेला. हुशार होता, पण शांत बसणं त्याला ठाऊक नव्हतं. फुटबॉलच्या मॅचला गेला की दुसऱ्या दिवशी घसा बसलेला, आणि रिअॅक्शन गॅसवर ठेवून गप्पा मारत बसल्यामुळं माझे दोन चांगले फ्लास्क त्यानं जाळून टाकले होते. मी शिव्या घातल्या की मान खाली घालून म्हणायचा, “चुकलंच सर.” आणि पुढच्या आठवड्यात तेच.

एका शुक्रवारी रिक्षा मिळेना. तो म्हणाला, “सर, मी सोडतो की. तुमचं लेक्चर हाय न्हवं?” झालं. तिथून तोच न्यायचा, तोच आणायचा, मधले चार तास तिच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून पेपर वाचायचा. बायकोचं माहेरही गडहिंग्लजचं, त्यामुळं गावाकडच्या रीतीनं तो तिला अक्का म्हणायला लागला. हॉस्पिटलात जाताना त्याच्या कपड्यांना इथाइल अॅसिटेटचा वास असायचा. ती म्हणायची, “लेका, तुझ्या अंगाला नेलपॉलिशचा वास येतोय बघ. कुणाला भेटून आलास?” रमजानात तो पाण्याला शिवायचा नाही, आणि हिला तर डॉक्टरांनी घोटघोट मोजून दिलेलं. घरी येऊन ती सांगायची, “आज आम्ही दोघं बसून उसाचा रस प्यालो, मठ्ठा प्यालो, सोडा प्यालो. सगळं नुसतं तोंडानं.” आणि खुदुखुदु हसायची.

कुणी विचारलं तर मी सांगायचो, “अहो, मुलासारखा आहे.” हा शब्द फार सोयीचा. नोकराला सुट्टी द्यावी लागते, मुलासारख्याला कशाचीच गरज नसते.

मग एके दिवशी जेवताना मीच हिला म्हणालो, “पोराचं काम झालं बरं का. आता नुसतं लिहून बाइंडिंगला टाकायचं.” मला अभिमान वाटत होता. त्याचे पेपर छापून आले होते, लिखाणही बरंचसं झालेलं. तोच आठवडा असेल, तो केबिनमध्ये आला. तोंडावर मावेना इतकं हसू. कोरियातल्या एका प्राध्यापकानं त्याला पोस्ट-डॉकसाठी पसंत केलं होतं. आमच्याकडची रसायन-भौतिकची पोरं हल्ली गडहिंग्लजहून कोल्हापूरला यावं तशी कोरियाला जातात, पण ही लॅब खरंच मोठी होती आणि विषयही नेमका त्याचाच. अट एवढीच, की सांगितलेल्या मुदतीत प्रबंध सादर झाला पाहिजे.

“अरे वा!” मी म्हणालो. उठून त्याच्या पाठीवर थाप मारली. आणि हात त्याच्या पाठीवर असतानाच डोक्यात आलं, मंगळवारी कोण?

खुर्चीत बसलो, त्याचं शेवटचं प्रकरण पुढं ओढलं आणि म्हणालो, “हे जरा बारकं वाटतंय रे. परीक्षक विचारतील. अजून दोन डेरिव्हेटिव्ह वाढवू.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. म्हणाला, “व्हय सर.”

मला कुणी त्या वेळी विचारलं असतं तर मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, की हे प्रकरणाच्या भल्यासाठीच आहे. लबाडी करताना माणूस आधी स्वतःला गंडवतो. मी तर त्यात डॉक्टरेट मिळवण्याच्या लायकीचा निघालो.

दोघांपैकी एक भावंड सरळ आलं. दुसऱ्याचं नुसतं तेल होऊन बसायचं, घट्ट व्हायचंच नाव नाही. त्यानं सॉल्व्हंट बदलून बघितले, बर्फात ठेवलं, काचेच्या कांडीनं घासून घासून कांडी मोडली. मुदत संपत आली. “सर, ते या महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणतात,” तो म्हणाला. मी काय म्हणालो असेन? “विज्ञानात घाई करून चालत नाही रे बाबा.” लिहिताना लाज वाटते. त्या दिवशीही शुक्रवार होता, आणि हे ऐकून घेऊन तो खाली गेला, गाडी काढली आणि हिला डायलिसिसला न्यायला गेला.

पुढच्या मंगळवारी सकाळी तो गाडी घेऊन दारात उभा. बायको तयार होऊन बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. उठेना.

“चला की,” मी म्हणालो. “वेळ होतोय.”

“मी येत न्हाई.”

“म्हणजे?”

“म्हणजे न्हाई. त्याचं आधी सोडा, मग मी जाते.”

मी समजून न समजल्यासारखं केलं. ती म्हणाली, “कोरियाचं मला माहीत हाय. शुक्रवारी हॉस्पिटलात त्याला फोन आला, कोपऱ्यात जाऊन इंग्रजीत आर्जवं करत हुता. विचारलं तर म्हणतो, काय न्हाय अक्का, सर म्हणतात दोन कंपाऊंड करूया, जरा लांबलंय. अहो, जेवताना तुम्हीच म्हणालासा न्हवं, काम झालं म्हणून? मग आता त्याच्यावर काय अंडी उबवताय व्हय?”

मी ओरडलो. हिला काय कळतंय, परीक्षक काय म्हणतील, लॅबची इभ्रत, शास्त्र, सगळं काढलं. बाहेर तो उभा होता, ऐकू जात असणार, याचंही भान राहिलं नाही. माझा दम संपल्यावर ती म्हणाली, “गाडीला ड्रायव्हर कुणीबी मिळंल. चार तास माझ्याजवळ बसायला तुम्ही का येत न्हाई, ते सांगा.”

याला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते तोंडाबाहेर काढण्यासारखं नव्हतं. लेक्चरची अडचण खोटी होती. लेक्चर बदलून मिळतं, एवढ्या वर्षांच्या नोकरीत तेवढा मान असतोच. पहिल्या दिवशी त्या खोलीच्या दारातून मी आत डोकावलो होतो. नळीतून तिचं रक्त बाहेर येताना बघितलं आणि तसाच मागं फिरलो. दरवर्षी वर्गात अर्धपार्य पडदा शिकवणारा मी, उदाहरण म्हणून डायलिसिसच सांगणारा मी, घाबरलो. माझ्या जागी त्या पोराला बसवलं. तो गेला असता तर मला आत जावं लागलं असतं. माझी सगळी काटेकोरी एवढ्यासाठी होती.

ती गेली नाही. मी बाहेर जाऊन त्याला म्हटलं, “आज नको. तू लॅबला जा.” तो काळजीत पडला. “अक्काला बरं न्हाई का सर?” दुपारपर्यंत तिचे पाय सुजले, धाप लागायला लागली. मी पुन्हा विनवलं. तिनं मान हलवली. मग मी त्याचा प्रबंध घेऊन टेबलाशी बसलो. वाचत गेलो. तिसऱ्या प्रकरणाशी आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी एखादी चूक सापडावी म्हणून वाचतोय. तिकडं बायको पाण्याबाहेरच्या माशासारखी श्वास घेतेय आणि मी इकडं स्वल्पविराम तपासतोय. चूक काही निघाली नाही. मार्गदर्शकाच्या सहीची पानं काढली, सह्या केल्या, आणि फोन करून त्याला सांगितलं, “तेल फेकून दे. उद्या बाइंडिंगला टाक.”

त्याच संध्याकाळी हॉस्पिटलात शब्द टाकून, हातापाया पडून मशीन मिळवलं. रिक्षानं नेलं. स्टुलावर मी बसलो आणि छताकडं बघत राहिलो. ती म्हणाली, “इकडं बघा की. भूत हाय व्हय मी?” बघितलं. तिचा हात गार होता. तो धरून बसलो.

बाइंडिंग होऊन प्रबंध सादर होईपर्यंत महिना उलटला आणि कोरियातली ती जागा गेली. तिथल्यांनी दुसरा कुणी घेतला. मला त्यानं कॉरिडॉरमध्ये चालता चालता सांगितलं, जणू कँटीनचा वडा संपलाय. “जाऊ द्या सर, दुसरी मिळंल.” मिळाली, पण बऱ्याच महिन्यांनी, लहान लॅब, विषयही त्याचा नाही. आज तो तिथं बॅटऱ्यांवर काम करतो आणि ज्यात त्याचं डोकं चालायचं ते रसायन विसरत चाललाय. त्याच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्या वाढीव कंपाऊंडचं कौतुक केलं. “गाइडची दृष्टी दिसते,” म्हणाले. मेलो मी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यानंही.

जायच्या आदल्या दिवशी तो घरी आला. मी हिंमत करून म्हणालो, “तुझी ती जागा माझ्यामुळं गेली. मी मुद्दाम लांबवलं.” त्याला राग यावा असं मला मनापासून वाटत होतं. एक शिवी तरी घाल बाबा. तो कावराबावरा झाला. “असं काय बोलतासा सर? तुम्हीच म्हणता न्हवं, मुलासारखा म्हणून?” आणि पाया पडायला वाकला. मी पाय मागं घेतले, तर हा आणखी पुढं सरकला. बायको आत चहा करत होती, ती बाहेर आली नाही.

गाडी मी विकून टाकली. आता गल्लीतल्याच एका रिक्षावाल्याला सांगून ठेवलंय. मंगळवार-शुक्रवार माझे तास सकाळी पहिले असतात, ते झाले की आम्ही दोघं जातो. मला वाटत होतं, चला, उशिरा का होईना, आता कुणाचं काही अडवून ठेवत नाही आपण.

यंदा पीएचडीच्या प्रवेशाच्या वेळी बिद्रीकडच्या एका खेड्यातली मुलगी भेटायला आली. एमएस्सीला पहिली आलेली, माझ्याच हाताखाली काम करायचं म्हणत होती. मी नेहमीप्रमाणं दोन-चार आडवे प्रश्न घातले. पोरगी घाबरली नाही. एका उत्तरावर तर माझ्याशी वाद घातला, आणि बरोबर तीच होती. बऱ्याच दिवसांनी मला शिकवायची हौस आली. म्हणालो, “छान. अजून काही सांगायचंय?”

तिनं पर्समधून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. फोर व्हीलरचं लर्निंग लायसन्स. कोरं करकरीत.

“सीनियर म्हणाले, सरांच्याकडं जागा पाहिजे असंल तर गाडी यायला लागती. गेल्या महिन्यात क्लास लावला सर.”

मला बोलायचं होतं. गाडी नाही गं आता, असलं काही लागत नाही, कुणी सांगितलं तुला, असं पुष्कळ काही. मी नुसता त्या कार्डावरच्या तिच्या फोटोकडं बघत राहिलो. तिला वाटलं, सरांना शंका आहे. चेहरा पडला तिचा.

“रिव्हर्स तेवढा जरा कच्चा हाय सर,” ती घाईघाईनं म्हणाली. “पण मंगळवारपर्यंत करते की पक्का.”